चाळीस रिकामी पोती

सत्तरच्या दशकात मी नागपुरात फवारणीचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. पंपाच्या लाकडी मुठी लकडगंजातला एक म्हातारा मिस्त्री करून द्यायचा. त्याला लेखी ऑर्डर कधी गेली नाही. जितका माल हवा, तितकी रिकामी पोती आम्ही हातगाडीवर धाडायचो. तो ती भरून आणायचा. महिन्याला पाच-सहा पोती, वर्षानुवर्षं.

एका सकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले, "मुठी आता प्लास्टिकच्या येणार. इतक्यात बाहेर बोलू नका." मी मान डोलावली. त्या कामात मी पटाईत होतो.

त्याच आठवड्यात स्टोअरची तपासणी निघाली. कोपऱ्यात चाळीस पोती धूळ खात पडली होती. अडगळ हलवायची म्हणून मी ती सगळी मिस्त्रीकडे पाठवून दिली. डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

चार दिवसांनी घरी जाताना त्याने मला दुकानासमोर थांबवलं. तो घोट्यापर्यंत भुशात उभा होता.

"बाबू, एकदम चाळीस! बाहेरचं लाकूड पुरलं नाही. घराच्या चौकटीसाठी ठेवलेला साग चिरून राहिलो."

तेव्हा मला कळलं, आपण काय करून बसलो ते. अर्धा साग अजून भिंतीला टेकून उभा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नोकरी जाईल ही भीती होती. त्याने मागवलेला चहा मी प्यायलो आणि निघालो. पुढे पंधरा दिवस दुसऱ्या रस्त्याने सायकल मारली.

तो माल घेऊन आला, तेव्हा साहेबांनी मलाच गेटवर पाठवलं. मुठी बंद झाल्याचं मी त्याला सांगितलं.

"मंग पोते काहून धाडले गा?"

"स्टोअर झाडायचं होतं."

"त्या दिवशी चहा पेला माह्याकडे. तवा तुले मालूम होतं?"

मी हो म्हणालो. त्याने एकेक पोतं बैलगाडीतच उलटं केलं, झटकलं, घडी घातली आणि माझ्या पायाशी ठेवलं. सागाच्या मुठींचा ढीग गाडीभर झाला.

"कारखान्याचे पोते हायेत. मोजून घ्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला अहोजाहो केलं.

लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मी खाली बसून पोती मोजली. चाळीस बरोबर भरली, आणि तसं मी त्याला सांगितलंही.