बॅरनचा डोंगर आणि तिच्या शेळ्या

परवा टीव्हीवर बॅरन बेटाचा धूर दाखवला. अंदमानच्या समुद्रातला तो ज्वालामुखी पुन्हा पेटला म्हणे. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने नेहमीचंच विचारलं, "अहो, शेळ्यांचं काय?"

माझी शाळा चौथीपर्यंत. पण त्या डोंगराला माझे पाय लागलेत, आणि आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत असं म्हणणारा दुसरा कुणी असेल तर त्याने समोर यावं. दगड तपासणाऱ्या सरकारी खात्यात मी खलाशी होतो, म्हणजे बोटीवरचा नव्हे, साहेबांचं सामान वाहणारा. साहेबांनी दगड फोडायचा, मी गोणीत भरून पाठीवर घ्यायचा. दिल्लीहून पोर्ट ब्लेअर, तिथून बोट. उजाडताना बेट दिसलं ते काठ फुटलेल्या रांजणासारखं. भोवती जुन्या डोंगराची गोल भिंत, एका बाजूला ढासळलेली, आणि आत मधोमध राखेचा काळा ढीग, शेंड्यातून पांढरी वाफ. समुद्र काठालाच इतका खोल की नांगर लागेना. साहेब म्हणाले, वर दिसतं ते नुसतं टोक, बाकीचा डोंगर पाण्याखाली.

ढासळलेल्या बाजूने लाव्हा समुद्रात उतरला होता. वरून थंड दिसायचा, पण फटीवर हात धरला की चुलीच्या वैलासारखी धग. माझ्या बुटांचे तळ तिथेच फाटले. चहा पिताना साहेब सांगत, इंग्रजांच्या जहाजांनी याला पेटलेला पाहिला होता, मग तो दीडएकशे वर्षं झोपला, आणि आम्ही जायच्या काही वर्षं आधी अचानक उठला. आणि असल्या जागी शेळ्या! कुणीतरी कधीकाळी सोडलेल्या. भिंतीच्या हिरव्या अंगाला चरायच्या, राखेवर खुरांचे ठसे.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बायको माणदेशातली, शेळ्यांत वाढलेली. तिने लाव्हा सोडला आणि शेळ्या धरल्या. पाणी कुठलं पितात? करडं होती का? साहेबांनी टाकून दिलेला एक भोकाभोकांचा दगड मी आणला होता, त्याची तिने वज्री केली. सरकारी क्वार्टरच्या न्हाणीत टाचा घासताना ती आतून विचारायची, मी बाहेरून सांगायचो. एकदा तरी बघायचंय मला, म्हणायची. तेव्हा कोण नेणार होतं?

आता मुलाने फोनवर शोधलं. डोंगर निवला की पर्यटकांची बोट जाते. उतरू देत नाहीत, लांबून फेरी मारून आणतात. म्हणाला, "बाबा, तुम्ही आणि आई जा. मी बुक करतो, बिल्कुल टेन्शन नाही." मी साफ नाही म्हटलं. ज्या डोंगरावर मी गोणी घेऊन चढलो, तो आता कठड्याला टेकून वेफर्स खात बघू? मुलाने पुष्कळ समजावलं. मी ऐकणाऱ्यातला नाही.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही उतरून आलात. मी कठड्यापर्यंत तरी कधी गेले?"

मी तिच्यापुढची एक जुडी ओढली. म्हटलं, शेळ्या कुठल्या अंगाला असतात ते बोटवाल्यांना काय ठाऊक, आणि एवढ्या आगीत राहिल्या असतील का त्या?

"शेळीची जात आहे, राहिल्या असतील," ती म्हणाली. "अंग तुम्ही दाखवा."

मुलगा दिवाळीची तिकिटं बघायला लागला. मी म्हटलं, जानेवारीची काढ, तेव्हा तिथला समुद्र शांत असतो. हे मला फोनमध्ये बघावं लागत नाही.