बारावा दरोडेखोर पळाला का नाही

मंडळी, आज दुपारी म्हैसुरात चामराजपुरमला संतोषदादाकडे खेळायला बसलो होतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा आमचा खेळ. गोष्ट दादाच चालवतो, कारण नियमांचं पुस्तक त्याचं आहे. दुसरी लायकी मला अजून दिसलेली नाही.

सुरुवातीला त्याने नेहमीप्रमाणे आपल्या खापरपणजोबांचा किस्सा सांगितला. ते म्हैसूरच्या घोडदळात होते. समोर दुप्पट शत्रू दिसला तसा त्यांनी घोडा वळवला आणि थेट घर गाठलं. "म्हणून आज आपण आहोत," दादा छाती फुगवून म्हणाला.

मग खेळातल्या गोष्टीत बारा दरोडेखोर आले आणि दसऱ्याच्या मिरवणुकीसारखे ओळीत उभे राहिले. आम्ही मारायचं, त्यांनी मारायचं, दादाने ज्याच्या त्याच्या जीवाच्या गुणांतून वजाबाकी करायची. असा दीड तास गेला. अकरा मेले, तरी बारावा जागचा हलेना.

माझी मैत्रीण विनुता पहिल्यांदाच आली होती. तिने विचारलं, "दादा, हा पळून का जात नाही?"

"त्याचे नऊ गुण शिल्लक आहेत. शून्य झाल्याशिवाय कसा पळेल?"

"शून्य झाल्यावर तो मेलेला असेल, अल्वा? हो ना?"

दादाने फासा टाकला. विनुताने चपला घातल्या. ती परत येणार नाही, आणि तिला आग्रह करायला मला तोंड नाही.

तुम्हीच सांगा. ज्याचं अख्खं घराणं एका पळालेल्या माणसामुळे जगलं, त्याला पळणारा एक दरोडेखोर सुचू नये?