तेवढा शब्द टाका!

मी केडगावात राहतो आणि पुणे रोडवरच्या एका कंपनीत परचेसला आहे. एवढी बातमी गावात फुटली की माणसाकडे बायोडाटे साठायला लागतात. बायोडाटे मी एचआरला देऊन मोकळा होतो, किस्से मात्र माझ्याकडेच राहतात.

*

भिंगारला एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या अनोळखी काकांनी जिलबीच्या ताटाशेजारी पोराचा बायोडाटा ठेवला. "साहेब, तेवढा शब्द टाका."

"शिक्षण काय झालंय?"

काका म्हणाले, "तुमच्या कंपनीला काय लागतं ते सांगा, तेच झालंय!"

*

एका पोराला मी कंपनीच्या वेबसाईटची लिंक पाठवली. म्हटलं, अर्ज भर, मग मी रेफर करतो. थोड्याच वेळात त्याच्या वडिलांचा फोन. आवाज चढलेला.

"लिंक कसली पाठवता वो? मानूस सांगा, मानूस!"

*

आता आमचा मामेभाऊ संतोष, कोपरगावचा. त्याचं केडगावच्या कविताशी जवळजवळ ठरलं होतं. दोघंही एकमेकांना पसंत. पण कविताच्या वडिलांची एकच अट, "पोरगं कंपनीत लागू द्या, मग सुपारी फोडू."

मी रेफरल दिलं. मामाला बजावलं, "रेफरल म्हणजे फक्त बायोडाटा बघतील, बाकी संतोषचं संतोषनं बघायचं."

दुसऱ्या दिवशी गेटवरून फोन आला, "सर, तुमचे पाहुणे कांद्याचं पोतं घेऊन रिसेप्शनला बसलेत." धावत गेलो. मामा एचआरच्या कुलकर्णी सरांना आग्रह करत होता आणि सर हात जोडून नको नको म्हणत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"घ्या वो साहेब," मामा म्हणाला, "पोरगं नापास झालं तरी कांदं परत मागनार न्हाई!"

*

संतोष इंटरव्ह्यूला गेला. सरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"पाच वर्षांचं न्हाई सांगता येनार सर. पन तुमी व्हय म्हनलात तर तुळशीच्या लग्नानंतर मांडवात!"

नंतर सर मला म्हणाले, "अहो, हा नोकरीला आलाय की मुहूर्त काढायला?" संतोष नापास होऊन गेला घरी. पोरगं कामाला चांगलं होतं, मला फार वाईट वाटलं.

*

पुढं कहर झाला. कविताच्या वडिलांनी मलाच गाठलं. "आमची कविता बी. कॉम. हाय. तेवढा शब्द टाका." मी टाकला. कविता पहिल्या फटक्यात अकाउंट्सला लागली!

मामानं पेढे घेऊन त्यांचं घर गाठलं, तर ते म्हणाले, "पोरगी कंपनीत आन् जावई घरी? लोक हसतील वो. दुसरं स्थळ बघतोय आमी." पेढे तसेच कोपरगावला परत गेले. संतोषनं माझा फोनही उचलला नाही.

*

महिन्याभरात स्टोअर्सला जागा निघाली. मी काही बोलायच्या आत कविता संतोषचा बायोडाटा घेऊन थेट कुलकर्णी सरांच्या टेबलाशी. मी तिथंच उभा होतो.

सरांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला. "हाच? कांदेवाला? तुझा कोण लागतो गं हा?"

कविता जराही लाजली नाही.

"सर, ते तुमच्या हातात आहे."