आईच्या नावाची ताटं

मंडळी, आज नोएडाला लेकीच्या युनिव्हर्सिटीत आईची स्टीलची ताटं देऊन आले. कार्यक्रमांत थर्माकोलच्या प्लेटा नकोत म्हणून मुलांनी भांडी उसनी देणारी ‘बर्तन बँक’ काढली आहे.

तिच्या मैत्रिणीनं ताटाच्या काठावर बोट फिरवलं. "आंटी, ये किसका नाम है?"

"मेरी माँ का. कमल."

साताऱ्याला गल्लीत जेवण असलं की आम्ही घरूनच ताट-तांब्या घेऊन पंगतीला बसायचो. ताटांची अदलाबदल झाली, तरी नाव वाचून कुणीतरी संध्याकाळी आणून द्यायचं.

"मम्मा, एक ठेवूया ना घरी," लेक म्हणाली. पंगतीची ताटं पंगतीतच बरी, म्हणून मी नको म्हटलं, आणि परतताना मेट्रोत डोळे पुसत बसले.

तुमच्या माळ्यावर कुणाच्या नावाची ताटं आहेत? त्यात शेवटचं कोण जेवलं होतं?