काका म्हणतील ती उत्तर

कपाट खोलीत मावत नव्हतं आणि त्यावरून काका-काकूंची जुंपली होती. पुतणी तेव्हा लहान, दाराआडून ऐकत होती.

"नकाशा बरोबर आहे. भिंत चुकलीय," काका म्हणाले.

"मग भिंतीला रागवा की!" काकू कडाडली. "कपाट बोळात उभं करून ठेवलंय. माणसांनी काय आता खिडकीतून यायचं?"

भिंत काही सुधारली नाही. कपाट वर्षभर बोळातच राहिलं आणि घरची माणसं अंग चोरून जा-ये करायला शिकली.

हे काका एका कचेरीत नकाशे तपासायचे. तपासायचे म्हणजे काय, तर दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर लाल पेनाने फुल्या मारायच्या. देव अक्कल वाटत होता तेव्हा हे गृहस्थ पेन शोधत असणार. बाकीचे हेकट लोक 'मी म्हणेन ती पूर्व' एवढ्यावर भागवतात. काकांची तऱ्हा निराळी. ते म्हणतील ती उत्तर, आणि ती कागदाच्या वरच्याच अंगाला हवी. बाण जरा कलला की पडली फुली!

पुतणी मोठी होऊन नेमकी त्याच कचेरीत नकाशे काढायला लागली. भोग एकेकाचे! नोकरी अजून कच्ची होती. पहिल्या नकाशाला काकांची 'तपासले' अशी सही मिळाली तर पक्की, नाही तर बसा घरी.

पहिला नकाशा वाट्याला आला पॅडेलच्या कोर्टाचा. पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींच्या पेटीत शिरून चौघांनी चेंडू बडवायचा खेळ. उघड्यावरचं असं कोर्ट लांबीने दक्षिणोत्तर ठेवतात, नाही तर संध्याकाळी एका बाजूवाल्यांच्या डोळ्यांत ऊन जातं. पोरीने तसंच ठेवलं. पण कचेरीचा कागद आडवा, म्हणून कोर्टही कागदावर आडवं काढलं आणि उत्तरेचा बाण डावीकडे दाखवला.

काकांनी फुली मारली. "उत्तर वर."

"अहो काका, नुसता बाण वर केला तर कोर्ट पूर्व-पश्चिम होईल. ऊन डोळ्यांत जाईल लोकांच्या."

"कचेरीत काका म्हणायचं नाही. आणि ऊन हा सूर्याचा विषय आहे, माझ्याकडे तपासायला येत नाही."

तिने पुन्हा नेला, पुन्हा फुली. करावा बाण वर आणि घ्यावी सही, असं तिच्याही मनात येऊन गेलं. पण खाली 'काढणार' म्हणून नाव तिचं. उद्या कोर्ट चुकलं की तपासणारा हात झटकून मोकळा आणि शिव्या हिच्या नावाने.

मग तिने कागदच उभा केला. कोर्ट उभं, बाण वर. कोर्ट जागचं तसूभर हललं नव्हतं, नुसता कागद फिरला होता.

काकांनी चष्मा पुसला, पट्टी लावली, मान तिरकी केली. फुलीला जागा सापडेना.

"बघ, मी सांगितल्यावर कसं सुधारलं!" असं म्हणून त्यांनी सही ठोकली. पुतणीने सही वाळायच्या आत नकाशा उचलला. नोकरी पक्की झाली.

त्याच आठवड्यात काका निवृत्त होणार होते. शेवटचं काम म्हणून साहेबांनी तो नकाशा मैदानावर पोचवायला त्यांनाच धाडलं आणि पुतणीला सोबत दिलं. मुकादम चुन्याची पाटी घेऊन उभाच होता.

"साहेब, कोर्टाचं तोंड कुठं?"

काकांनी नकाशा छातीशी धरला आणि बोट सरळ आभाळाकडे केलं. "उत्तर वर!"

मुकादमाने आभाळाकडे पाहिलं, मग पुतणीकडे. तिने मैदानाच्या उत्तरेला असलेल्या पाण्याच्या टाकीकडे हात केला. त्याने टाकीच्या रोखाने चुन्याची फक्की मारून रेघ आखली.

काकांनी नकाशा मिळाल्याची सही मुकादमाकडून घेतली, ती रेघेवर नाही म्हणून दुसऱ्यांदा करायला लावली, आणि मुकादमाने दिलेला चहा पाणचट असल्याचं सांगून, तो सगळा पिऊन, परत निघाले.