लुएनताईच्या पायातली दोरी

व्हिएतनाममधल्या नाम-दिन्ह शहरात आमच्या नाटकगृहाबाहेर लुएनताई प्रेक्षकांच्या सायकली राखायची. मी आत राजा होऊन गर्जायचो आणि ती बाहेर भीत बसायची. भिण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भल्याभल्या नटांची भीती जवळून पाहिलेला माणूस हे सांगतो आहे!

ती प्रत्येक सीटवर खडूनं आकडा लिहायची आणि तोच आकडा घातलेली चिठ्ठी मालकाच्या हातात द्यायची. मग सगळ्या चाकांतून एक दोरी ओवून तिचं टोक स्वतःच्या घोट्याला बांधायची. रताळं एका हातानं खायची, दुसरा हात दोरीवर.

“ताई, सायकली राखतेस की म्हशी?” मी चिडवायचो.

“हसा राजे, हसा. तुमची तलवार गेली तर पुठ्ठ्याची दुसरी होईल. माझी एक सायकल गेली की ही जागा गेली.”

ते खरं होतं. व्यवस्थापकांनी तिला तसं बजावलंच होतं. नवरा युद्धातून छाती खराब करून परतलेला. चूल पेटायची ती या जागेवर.

एका रविवारी दुपारचा प्रयोग चालू असताना थंडीतली ती बारीक, चिवट झिमझिम सुरू झाली. विंगेतल्या खिडकीतून मी पाहिलं. ताई डोक्यावरची शंकूसारखी पानांची टोपी काढून एक सीट झाकत होती, मग दुसरी, मग तिसरी. टोपी एकच. खडूचे आकडे पांढऱ्या थेंबांनी ओघळून जात होते.

पडदा पडताच मी मुकुटासकट बाहेर धावलो. लोक चिठ्ठ्या नाचवत होते, पण जुळवायचं कशाशी? तरी माणसं भली. जो तो आपापलीच घेऊन गेला. शेवटी उरल्या दोन, एक चकचकीत फ्रेंच सायकल आणि एक गंजलेला सांगाडा. आणि उरला चामडी कोटातला एक माणूस.

“ती फ्रेंच माझी.”

“थांबा दादा, अजून कुणीतरी आत आहे.” ताईचे दात वाजत होते.

“थांबू? हिच्या घंटीची वाटी कुठंय? मी लावली तेव्हा होती! बघा लोकहो, राखणदारीणच चोर आहे!”

खरंच वाटी नव्हती. पांगणारे लोक परत फिरले.

“अगं बाई, वाटी विकून खाल्लीस की काय?”

“पोलिसांना बोलवा रे!”

त्यानं सायकल ओढली. दोरी ताणली गेली आणि ताई चिखलात आडवी झाली. पण सुटली नाही. दोन्ही हातांनी तिनं चाकाला मिठी मारली. कापत होती, रडत होती, नुसतं “नको, नको” म्हणत होती. मी राजाच्या आवाजात ओरडायला तोंड उघडलं आणि, देवाशपथ, आवाजच फुटेना.

तेवढ्यात नाटकगृहाच्या दारातून कापडगिरणीतली थोम डोळे चोळत आली. सकाळची पाळी संपवून थेट नाटकाला आलेली पोर, खुर्चीतच झोपली होती.

“ताई, चिखलात काय करताय?” म्हणत तिनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आतली वाटी त्या फ्रेंच सायकलच्या घंटीवर फिरवून बसवली आणि वाजवली. ट्रिंग!

“चोरतात ना मेले, म्हणून काढून नेते,” ती म्हणाली.

आम्ही वळून पाहिलं तर चामडी कोट गायब.

लोक ताईला उठवून चिखल झाडू लागले, माफी मागू लागले. ती मात्र त्या गंजक्या सांगाड्याकडे बघत होती.

“जाऊ दे गं, त्या चोराचीच ती,” मी म्हणालो.

“त्याची चिठ्ठी त्याच्याकडेच आहे हो, राजे. उद्या मागायला आला तर मी काय देऊ?”

पुढे नाटकगृह बंद होईपर्यंत ती तो सांगाडा घरून ढकलत आणायची, सीटवर खडूनं आकडा घालायची आणि दोरीत सगळ्यांत आधी तोच ओवायची. रस्त्यावर चामडी कोट दिसला की तिचा हात दोरीवर घट्ट व्हायचा.

तो कधीच आला नाही. तिची भीती मात्र गेली नाही.