गुरुवारच्या नळ्या

तात्या पहिल्या वजनावर कधीच विश्वास ठेवत नसत. पिंपळे सौदागरात भाजी घेतानाही ते भाजीवाल्याला बजावत, "काटा थांबू दे, राव." मी कंपनीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो, ते माझे सहायक. शिक्षण दहावी, पण चिमट्यातली पट्टी तराजूत ठेवताना श्वाससुद्धा रोखून धरत.

आमचं काम असं : पॉलिथिनच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत, स्टायरिनच्या द्रावणात बुडवायच्या आणि नळ्या बंद करून गॅमा किरणांखाली पाठवायच्या. आंब्यावर बांधतात तसंच हे कलम, फक्त प्लास्टिकवर. नळ्या परत आल्या की पट्टी धुऊन, सुकवून तोलायची. वजन वाढलं तेवढं कलम धरलं. आमचं कित्येक महिने जेमतेमच धरत होतं.

एका गुरुवारी एमआयडीसीचं पाणी बंद होतं. नळ्या ॲसिडने धुऊन तीनदा विसळायच्या, असा नियम. पिंपातलं पाणी संपलं, म्हणून तात्यांनी शेवटच्या चार नळ्या न विसळताच नुसत्या उपड्या करून रॅकला लावल्या आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं.

किरणांखालून परत आल्यावर नेमक्या त्याच चार नळ्यांतल्या पट्ट्या भारी भरल्या.

"साहेब, ॲसिड ऱ्हायलं व्हतं तिथंच कलम जोरात धरलंय. तीन-तीनदा तोललंय."

"नळ्या धुता येत नाहीत आणि मला केमिस्ट्री शिकवता?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. निष्काळजीपणाचा मेमोही दिला.

ते एवढंच म्हणाले, "काटा खोटं बोलत न्हाई, साहेब."

पुढच्या आठवड्यात मी गुपचूप, मोजून ॲसिड घालून पाहिलं. कलम भरभरून धरलं. अहवालावर नाव माझं एकट्याचं. मेमो मात्र तात्यांच्या फाइलीत राहिला आणि त्यापायी त्यांची बढती दोनदा हुकली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

यंदा चाकणला त्याच पद्धतीवर चालणारा नवा विभाग सुरू झाला आणि फीत कापायला कंपनीने मला बोलावलं. मी आधी तात्यांच्या दारात गेलो.

"मला कशाला नेताय, साहेब?"

"एक वजन चुकलंय. पुन्हा करायचंय."

माइकसमोर मी आधी तो मेमो वाचला, मग त्यांच्या वहीतलं गुरुवारचं पान. "हा शोध यांचा आहे. मी तो चोरला," म्हणालो. मग सगळी माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. कंपनीच्या व्यवस्थापकांनी तिथेच मेमो रद्द करून सही केली. आता तिथल्या पद्धतीच्या कागदावर पहिल्या ओळीत तात्यांचं पूर्ण नाव आहे, त्यांच्या गावासकट. फीत त्यांनीच कापली. पण आधी कात्रीची धार बोटाने दोनदा तपासली.

परतताना गाडीत मी म्हणालो, "तात्या, फार उशीर केला मी."

"व्हय, केलाच," ते म्हणाले. मग गळ्यातला सत्काराचा हार नीट करत हसले. "लई वर्षं हलत व्हता, साहेब. आता थांबलाय काटा."